चकलीच्या साच्यातल्या माळा

पळसटोलीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि मंडईत दंडार नाचते, ढोलकी-टिपऱ्यांवरचा सोंगांचा नाच. पाहुण्यांनी घरं फुगलेली असतात, बांध्यांतलं धान पिवळं पडलेलं असतं, आणि भर दुपारी गुरं जमायच्या मोकळ्या आखरावर ढोलकी घुमली की म्हाताऱ्यांचेसुद्धा गुडघे वळवळायला लागतात. नाचतात मात्र गडी. बायकांची सोंगंही तेच घेतात, मिशा उतरवून, लुगडी नेसून. खऱ्या बायांनी निंबाच्या झाडाखाली बसून लांबून बघायचं. दंडारीत बाईचा पाय पडत नाही म्हणतात. कोणी ठरवलं हे? विचारून बघा, एकालाही सांगता येणार नाही. पण मोडायची गोष्ट काढली की सगळे कानांवर हात ठेवतात.

आशाबाईला हे लहानपणापासून सलत होतं. तिच्या माहेरी दंडार होती, सासरी तर घरातच होती, कारण सासरा वामनराव हा दंडारीचा म्होरक्या आणि नवरा लटारू हा सोंगातली सगळ्यात देखणी बाई. लटारू लुगडं नेसून ठुमकत निघाला की मंडईतल्या बाया आशाला कोपरानं ढोसायच्या, "सांभाळ वं, सवत आली तुह्यी!" आशा हसायची. पण तिच्या पायाचा अंगठा मातीत ठेका धरून असायचा, आणि एकेक पाऊल तिला लटारूच्या आधी ठाऊक असायचं.

आणखी एक गोष्ट तिला सलायची, पण ती तिनं कोणालाच सांगितली नव्हती. दंडारीच्या सुरुवातीला गण होतो. वामनराव खड्या आवाजात विचारतो, "ढोलकी कोनाची?" मागचे झीलकरी उत्तर देतात, "पत्रूभाऊची जी, पत्रूभाऊची!" आणि तेच तेच घोळवून म्हणतात, आखराच्या टोकापर्यंत ते नाव जाईस्तोवर. टिपऱ्या कोणी तासल्या, कातडं कोणी मढवलं, ज्याचा म्हणून हात दंडारीला लागला त्याचं नाव गणात. साध्या पाणी पाजणाऱ्या मुखरूचंसुद्धा. बाईचं नाव मात्र त्या गणात कधी कोणी ऐकलेलं नव्हतं.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी सालच्या दिवाळीत, धाकटा दीर खुशाल चंद्रपूरहून आला. तिथल्या बिजलीघराच्या कामावर तो एका ठेकेदाराकडे पाइप जोडायचा. ठेकेदार असा चिकट की दिवाळीला मिठाईच्या डब्याऐवजी त्यानं पाइपला लावायच्या मसाल्याचे उरलेले डबे पोरांच्या हातावर टेकवले. एक वडी काळी, एक पांढरी. दोन्ही सारख्या घेऊन कालवल्या की लोण्यासारखा मऊ राखाडी गोळा होतो आणि थोड्या वेळानं दगड. "घ्या, खा आता दिवाळीचा लाडू," म्हणत खुशालनं थैली ओसरीवर ओतली आणि सगळे पोट धरधरून हसले.

आशा हसली नाही. खुशालनं दाखवायला कालवलेला गोळा तिनं बोटांत घेतला, दाबला, वळला, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"भाऊजी, याचे मनी होतीन काय?"

"मनी? वैनी, याचं काय बी होते. भोक पाडून ठेवा, वाळला की हातोड्यानं बी फुटनार नाई."

झालं! आशाच्या अंगात वारंच शिरलं. दरवर्षी दंडारीचे दागिने वडशाहून भाड्यानं यायचे. पत्र्याचे, काच उडालेले, दहा गावांच्या घामानं काळे पडलेले. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओसरीच्या कडेला उभी राहून सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, औंदा दंडारीच्या माळा म्या करू काय?"

वामनरावानं विडी विझवली, तिच्याकडे नाही, खांबाकडे पाहिलं. "कर. पाहू. मंडईच्या आदल्या दिवशी दाखव. जमलं तं ठीक, नाई तं लटारू दुपारच्या मोटारीनं वडशाले जाईन."

आता हातात संधी आली म्हटल्यावर माणूस काय करतं? आपल्याला येतं ते सगळंच दाखवतं. खुशाल रोज संध्याकाळी बोराएवढा मसाला कालवून द्यायचा आणि आशा चिमणीच्या उजेडात एकेक मणी घडवायची. एक मोहाच्या फुलासारखा. एक मोराच्या डोळ्यासारखा. एकावर बांबूचं पान, एकावर मासोळी, एकावर धानाची लोंबी, तीही दाण्यादाण्यानिशी. एकासारखा दुसरा नाही! लटारू प्रत्येक मणी तळहातावर घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "भल्ली हाये बापा तू!" आशा वरवर म्हणायची, "चला, काहीतरीच," पण अंगावर मूठभर मास चढायचं.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी न्याहारी उरकल्यावर वामनरावानं लटारूच्या गळ्यात ती माळ घातली, त्याला आखराच्या मधोमध उभं केलं, आणि स्वतः तरातरा चालत पार टोकाला, जिथं मंडईच्या दिवशी फुटाणेवाला बसतो तिथं जाऊन उभा राहिला. आशा निंबाखाली. तिचा जीव टांगणीला.

वामनरावानं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. मान इकडे केली, तिकडे केली. मग तिथूनच ओरडला, "काई नाई दिसत!"

"काई म्हणजे?" लटारू ओरडला.

"काईच नाई! गळ्यावर खरकटं सांडल्यावानी दिसून राह्यलं!"

आखरावर गुरं बांधणारे दोघंतिघं फिसकन हसले. आशाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. म्हातारा जवळ आला, माळ हातात घेतली, आणि खरं सांगायचं तर त्याचाही चेहरा उतरला, कारण हातात घेतल्यावर ती माळ बघत राहावी अशी होती. "हातात भल्ली चांगली हाये, बाई," तो म्हणाला. "पन दंडार का हातात घेऊन पाह्यतेत? फुटाने खात उभा राह्यते थो मानूस, त्याले दिसलं पाह्यजे. अन् हे एकच माळ झाली. सहा जनं सोंग घेतेत. बाकीच्यांच्या गळ्यात काय, दोर बांधू? लटारू, मोटारीची वेळ पाह्य."

खोटं काय बोलला होता तो? काहीच नाही. म्हणून तर जास्त झोंबलं. आशा घरात आली, परातीसमोर बसली आणि तिला रडू फुटलं. रडता रडताच तिनं ठरवलं. मोटार यायला अजून वेळ आहे ना? उरलेला सगळा मसाला घ्यायचा आणि होईल ते करायचं. लटारूला नुसतं म्हणाली, "अवो, मोटारीचा भोंगा वाजेस्तोवर थांबा." तो थांबला. त्याला तरी कुठं जायचं होतं!

खुशाल बोडीवर आंघोळीला गेला होता. आशानं थैली उलटी केली, काळ्या वड्या, पांढऱ्या वड्या सगळ्या परातीत टाकल्या आणि पदर खोचून मळायला बसली. पाहुणे असले की पोळ्यांची कणीक आपण काय चिमटी चिमटी मळतो? एकदम मळतो, ओल्या फडक्याखाली झाकतो आणि लाटत बसतो. तिच्या हातांना तेच ठाऊक. चांगला मोठा गोळा झाला, गुळगुळीत, एकरंगी. तिनं फडकं ओलं केलं आणि वर झाकलंसुद्धा!

एवढ्यात खुशाल डोकं पुसत आत आला. परात पाहिली, फडकं उचललं, आणि टॉवेल त्याच्या हातातून गळाला.

"वैनी! हे काय केलं वो? सगळं? एकदम?"

"मंग? झाकून ठेवलं ना ओलं करून."

"अवो माय, हे कनीक नाई! हे झाकून मऊ नाई राह्यत! थोड्या वेळात परातीसगट गोटा होईन!"

आशाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं गोळ्यात बोट खुपसलं. खरंच, मघाशी लोण्यासारखं होतं ते आता गुळाच्या पाकासारखं ओढत होतं. सहा माळांचा मसाला! आणि मोराचा एक डोळा काढायला तिला अर्धी संध्याकाळ लागायची.

"आता वं?" लटारू म्हणाला.

"आता डोस्कं!" आशा ओरडली, आणि नवऱ्यावर ओरडल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. तिनं एक लचका तोडला, मासोळी करायला घेतली, टाकली. फूल करायला घेतलं, टाकलं. काय करू, कोणतं करू, कोणतं आधी?

चुलीपाशी सासू बसली होती. केसरबाई. तिच्यापुढे चकल्यांचं उरलेलं पीठ आणि तिचा पितळेचा साचा. हा साचा तिच्या माहेरचा. शेजारणीनं मागितला तर केसरबाई म्हणायची, "चकल्या ने, साचा नाई." सुनेलासुद्धा घासायला देत नसे, स्वतः चिंच लावून घासायची. म्हातारी मघापासून हा तमाशा मुकाट्यानं बघत होती. मोराचे डोळे आणि मासोळ्या तिनं पाहिल्या होत्या, आखरावरचं हसू तिच्या कानावर आलं होतं, आणि सून परातीत टिपं गाळत होती तेही तिला दिसलं होतं.

"काऊन वं," ती म्हणाली, "चकली का एकेक येगळी काढतेस?"

आशानं मान वर केली.

केसरबाईनं साच्यातलं पीठ बोटानं खरवडून काढलं, साचा लुगड्याला पुसला आणि परातीत ठेवला. चांदणीच्या भोकाची चकती तशीच आत होती. "घाल ह्यात. दाब. सुरीनं काप."

"आत्याबाई, साचा खराब होईन..."

"बोलत बसशीन तं तुह्यावाला मसाला खराब होईन. घाल!"

मग जी तारांबळ उडाली, विचारू नका! आशा गोळे भरून द्यायची, लटारू दोन्ही हातांनी दाबायचा. खाली चांदणीची लांबच लांब कांडी निघायची, अशी सुरेख, पाचही टोकं धारदार! खुशाल ती सुपावर झेलायचा. केसरबाई सुरीनं तिचे काप पाडायची, टुचुक, टुचुक, टुचुक, एकासारखा एक. आशा बांबूच्या काडीनं भोकं पाडत सुटली. चांदणी, चांदणी, चांदणी. विचार करायला वेळच नव्हता, आणि गंमत बघा, विचार नसल्यामुळे हाताला लय आली. दाब, काप, टोच. दाब, काप, टोच. लटारूचे पाय आपोआप हलायला लागले. खुशाल तोंडानंच ढोलकी वाजवायला लागला. आशाच्या लक्षात आलं की तिचा अंगठा जमिनीवर तोच ठेका धरून आहे जो ती निंबाखाली धरायची, आणि ती खदखदून हसली. मघा रडत होती ती हीच बाई!

"जोर लावा वो!"

"लावूनच राह्यलो! घट्ट होत चाललं!"

"मोठे भाऊ, सरका, मी लावतो!"

दोघं भाऊ साच्यावर लटकले. करकर आवाज झाला. अर्धी वीत कांडी निघाली आणि साचा अडला तो अडलाच. दांडा वरही येईना, खालीही जाईना. आतला मसाला दगड झाला होता.

केसरबाईनं साचा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि चुलीमागे कोनाड्यात ठेवून दिला. "गेला तं गेला," ती म्हणाली. "परातीत उरलं थे पाह्य."

परातीत थोडा मसाला उरला होता, हाताला जेमतेम वळेल असा. चांदणी आता काढायची कशानं? आशानं भराभर त्याचे सहा गोळे वळले, लिंबाएवढे, साधे. शेवटच्याला तर गोल करायलाही सवड मिळाली नाही. नुसता अंगठ्यानं दाबला, तो खळगा तसाच राहिला. मग तिला वाटलं, एकालाच खळगा बरा दिसणार नाही, म्हणून बाकीच्या पाचांनाही तिनं अंगठा दिला. भोकं पाडली, आणि संपलं.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग गोठ्यात होता. खुशाल धावत गेला आणि डबा घेऊन आला. चांदण्या लाल झाल्या. साधे गोळे तेवढे राखाडी राहिले, कारण रंग संपला. आशानं त्यांच्यावर शिंगांचंच उरलेलं सोनेरी बेगड चिकटवलं. सुतळीत ओवताना माळेत लाल चांदण्या, लाल चांदण्या, मधोमध एक सोन्याचा गोळा, मग पुन्हा लाल चांदण्या. पहिली माळ पुरी झाली आणि वेशीवर मोटारीचा भोंगा वाजला.

वामनराव ओसरीवरून ओरडला, "लटारू! निघतेस का नाई बे?"

लटारू निघाला. पण वेशीकडे नाही. माळ गळ्यात घातली, ओल्या रंगानं सदरा लाल झाला, आणि तो थेट आखराच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "बाबा, तुमी टोकाले जा!"

"अबे मोटार जाईन!"

"जाऊ द्या! टोकाले जा ना!"

म्हातारा चरफडत गेला. फुटाणेवाल्याच्या जागी उभा राहिला आणि वळला. आशा निंबाखाली उभी. मोटारीनं दुसरा भोंगा दिला.

वामनराव बघत राहिला. डोळ्यांवरचा हात त्यानं खाली घेतला. मग काय झालं कोण जाणे, म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवर पडायला लागला. थाप, थाप, थाप, थाप, आणि एक घुमारा. थाप, थाप, थाप, थाप, आणि घुमारा.

"अबे!" तो तिथून ओरडला. "हे तं वाजून राह्यली!"

"काय म्हनलं?"

"माळ बे! वाजून राह्यली माळ! लाल लाल लाल लाल, अन् मधात घुम! इथून दिसते! नाच जरासा!"

लटारू नाचला. गिरकी घेतली तसा लाल कडं त्याच्या गळ्याभोवती फिरलं आणि मधला सोन्याचा गोळा उन्हात लखकन उजळला. मघाशी हसलेले गुराखी तोंडं उघडी टाकून उभे. मोटार धूळ उडवत वडशाच्या रस्त्याला लागली आणि कोणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. आशाला वाटलं, आता आपण नाचायलाच लागू! तिनं निंबाचं खोड दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मंडई भरली. काय ती गर्दी! पाळणे, फुटाणे, भावबिजेच्या लेकी, त्यांची पोरं. सहाही सोंगं आखरावर उतरली, सहाही गळ्यांत तशीच माळ. एकाच वेळी सहा माना वळल्या, एकाच वेळी सहा सोनेरी गोळे चमकले आणि गर्दीतून असा हुंकार उठला की ढोलकीवर बसलेला पत्रू बिचकला. निंबाखालच्या बाया आशाला ढोसत होत्या, पण आज सवतीवरून नव्हे. "कुठून आनल्या वं? नागपूरहून?" आशानं हसून नकाराची मान हलवली.

गण सुरू झाला. वामनराव पुढे आला, कानावर हात ठेवला.

"ढोलकी कोनाची?"

"पत्रूभाऊची जी, पत्रूभाऊची!"

टिपऱ्या कोणाच्या झाल्या, पाणी कोणाचं झालं. दरवर्षी तिथं गण संपतो आणि टिपऱ्या वाजायला लागतात. झीलकऱ्यांनी टिपऱ्या उचलल्यासुद्धा. पण वामनराव हलला नाही. त्यानं कानावरचा हात तसाच ठेवला आणि आणखी वरच्या सुरात विचारलं,

"माळा कोनाच्या?"

झीलकरी एकमेकांची तोंडं बघायला लागले. हे शिकवलेलं नव्हतं. उत्तर ठाऊक होतं सगळ्यांना, गाव केवढं ते! पण म्हणायचं कसं? दुसऱ्याच्या घरच्या बाईचं नाव, भर मंडईत, दंडारीत? पत्रूची ढोलकी थांबली. निंबाखाली आशाच्या छातीत मात्र ती वाजतच होती. वामनरावानं पुन्हा विचारलं,

"माळा कोनाच्या?"

लुगडं नेसलेला लटारू बापाकडे बघत होता. बापासमोर त्यानं बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती, "अवं" च्या पुढे त्याची जीभ गेली नव्हती. त्यानं पदर खोचला, छाती फुगवली आणि असा ओरडला की पाळण्यावरची पोरं वळून बघायला लागली.

"आशाबाईच्या!"

मग पत्रूनं थाप मारली आणि झीलकऱ्यांनी ते उचललं. "आशाबाईच्या जी, आशाबाईच्या! आशाबाईच्या जी, आशाबाईच्या!" तेच, तेच, तेच. आखराच्या टोकाला फुटाणे खाणाऱ्यांपर्यंत गेलं आणि तिथून परत आलं. आशानं पदर तोंडात धरला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. पुसायचं भानच नव्हतं तिला.

तेवढ्यात तिच्या शेजारून एक खणखणीत आवाज उठला. केसरबाई उभी राहिली होती.

"अन् साचा कोनाचा, थे नाई सांगत!"

मंडई हसून कोसळली. वामनरावाचा चेहरा माळेसारखा लाल झाला. सगळ्या संसारात ज्यानं बायकोला "ऐकलं काय" याच्यापलीकडे हाक दिली नव्हती, तो दंडारीचा म्होरक्या गावासमोर उभा, आणि झीलकरी त्याच्या तोंडाकडे बघताहेत. आता पळणार कुठं? विचारणारी निंबाखाली उभी होती, कमरेवर हात ठेवून.

त्यानं खाकरून घसा साफ केला, कानावर हात ठेवला, डोळे मिटले.

"केसरबाईचा!"

"केसरबाईचा जी, केसरबाईचा!" झीलकरी तुटून पडले, ढोलकी घुमली, सहा माळा एकदम फिरल्या. आशानं सासूचा हात घट्ट धरला, आणि दोघींचेही अंगठे मातीत त्याच ठेक्यावर पडत राहिले.